छपरीत वाचायचे पत्र

फुलचूर, गोंदिया (जि. भंडारा)
४ एप्रिल १९५७

चि. रुख्मास थोरल्या भावाचा आशीर्वाद, टिकारामजींना रामराम. धाकट्याच्या गालाला माझ्या वतीने तूच हात लाव. सध्या माझा हात कुणाच्या गालाला लागू नये असा सरकारी हुकूम आहे.

टिकारामजी, कागद पिवळा दिसेल आणि धुराचा वास येईल, पण तो चिमट्याने धरू नका. आमच्या घरातून जे जे बाहेर जाते ते आधी कडुलिंबाच्या धुरावर शेकले जाते, मग समोरच्या मिलचा चपराशी ते काठीच्या टोकाला अडकवून पोस्टाकडे नेतो. तहसिलीसमोर झाडाखाली बसून मी आयुष्यभर लोकांचे अर्ज लिहिले, पण माझे लिखाण इतके शुद्ध याआधी कधी झाले नव्हते.

तुमच्या छपरीत पत्र फुटले की अर्धी केशोरी येऊन बसते, हे मला ठाऊक आहे. बसू द्या. गावात टॉकीज नाही, रेडिओ नाही, निवडणूकही होऊन गेली. माणसांनी करमणुकीला जावे तरी कुठे? फक्त पुढे बसणाऱ्यांनी टिकारामजींना मध्येच ‘मंग काय झालं जी’ असे विचारू नये. त्यांची ओळ चुकते आणि ते एकच वाक्य दोनदा वाचतात. मागे एक लग्नपत्रिका वाचताना त्यांनी एकाच मांडवात दोन नवरदेव उभे केले होते.

आता जे ऐकायला तू छपरीचा खांब धरून उभी असशील, ते.

तुझ्या निर्मलाचा ताप उतरला. फोड मात्र भरून आले आहेत, अंगापेक्षा तोंडावर जास्त. दवाखान्यातले डॉक्टर पाहून गेले. म्हणाले, जिवाची भीती बरीचशी सरली, आता डोळे सांभाळा. पापण्या सुजून मिटल्या आहेत. आतही एखादा फोड असेल. बोरिकच्या कोमट पाण्याने पुसायचे, उजेड टाळायचा, खाजवू द्यायचे नाही. तुझी वहिनी सुलोचना ते सगळे करते. पोरीचा हात तिने जुन्या लुगड्याच्या पट्टीने आपल्या हाताला बांधून घेतला आहे. एकीने नाक खाजवायला घेतले की दुसरीचा हात उठतो.

‘मी येऊ का’ असे तू विचारलेस. येऊ नकोस. अंगावर पिणारे पोर या घरात आणायचे नाही, असे डॉक्टरांनी बजावले आहे. आणि ते ठेवून तुला येता येत नाही. तेव्हा तूर्त एकाच लेकराची आई होऊन राहा; दुसरीला आम्ही आहोत. शाळेसाठी आमच्याकडे ठेवली ती काही फक्त पाढे म्हणायला नव्हे. हे वाक्य कठोर वाटले तर टिकारामजींनी ते हळू आवाजात वाचावे.

बाकी, आमच्याकडे रोग आलेला नाही, पाहुणी आली आहे. हे शेजारच्या अनुसयाबाईंचे म्हणणे, आणि मातामायच्या कारभारात या गल्लीत त्यांचाच शब्द शेवटचा. त्यांना लहानपणी देवी येऊन गेल्या आहेत. एकदा आलेल्याला पुन्हा येत नाहीत, म्हणून त्या एकट्याच आमच्या घरात बिनदिक्कत येतात आणि हुकूम सोडतात. पाहुणीला आवाज खपत नाही, उष्ण खपत नाही. तेव्हा फोडणी बंद, दाढी बंद, पायात वहाण बंद, नवराबायकोचे भांडण बंद. लग्न झाल्यापासून घरात इतकी शांतता पहिल्यांदाच आहे. सुलोचनाला वाटते, मलाही ताप आला.

बाकी सगळे सोसते, फोडणीचे सोसत नाही. दुपारी गल्लीत कुणाकडे तरी गरम तेलात जिरे पडते, चर्र होते, आणि आम्ही दोघे हातातली पेज तशीच धरून बसतो. मग आतून निर्मला सांगते, ‘मामाजी, वांगे. लसूण लय टाकला त्यायनं.’ डोळे मिटलेले, तोंड सुजलेले, पण नाक शाबूत आहे. लोक जेवतात आणि आम्ही ऐकतो. हीसुद्धा एक मेजवानीच.

आता छपरीसाठी खास बातमी. अनुसयाबाईंचा मुख्य नियम असा, की आजाऱ्याने जे मागितले ते मातामायने मागितले असे समजायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी खाटेपुढे हात जोडून विचारले, ‘मातामाय, तुले काय पायजे वो?’ तापाच्या ग्लानीतून उत्तर आले, ‘रेडिओ.’

रेडिओ फुलचुरात एकाच घरी. समोर मुन्नालालची राइस मिल, मिलला लागून त्याचे घर, आणि घरात गादीच्या बाजूला झालर घातलेला तो डबा. अनुसयाबाई सरळ तिथे. रस्ता मधे असूनही मला सगळे ऐकू येत होते.

‘माता ने रेडिओ मांगा? अरे बाई, देवी को भजन लगता है, रेडिओ थोडी ना!’

‘तुमाले मातेचं जास्त समजते का जी? नका देऊ. उद्या मिलीवर कोप झाला मंग मले बोलावू नका.’

संध्याकाळी रेडिओ झालरीसकट खिडकीत आला, तोंड आमच्या घराकडे. मुन्नालालने आधी भजने लावली. निर्मलाने थोडा वेळ ऐकून घेतली आणि म्हणाली, ‘हे नाही. सिनेमाचं.’ अनुसयाबाईंनी तो निरोप भर रस्त्यातून ओरडून पोहोचवला. मुन्नालाल चिंतेत पडला. आमच्या दारापासून चांगला दूर उभा राहून विचारतो, ‘गोवर्धनजी, ये सच्ची में माता बोल रही है?’

मी म्हटले, ‘शेटजी, जिला लोक बारा महिने भजनच ऐकवतात, तिने पाहुणी म्हणून आल्यावर तरी दुसरे काही ऐकू नये का?’

तो म्हणाला, ‘ये बात भी सही है.’ तेव्हापासून सिलोन लागते आणि रस्त्याने जाणारे लोक खिडकीला हात जोडून जातात.

तर असे आमचे चालले आहे. काळजी कर, पण जेवून कर.

तुझा, दाढी वाढलेला आणि न भांडणारा दादा,
गोवर्धन


फुलचूर
१८ एप्रिल १९५७

चि. रुख्मास आशीर्वाद. टिकारामजींचे पत्र पोहोचले. रेडिओचे वाचून छपरीत लोक पोट धरून हसले, असे ते लिहितात. बरे वाटले. मातामायच्या नावाने का होईना, केशोरीत सिलोन पोहोचले.

पत्राच्या शेवटी त्यांनी तुझे म्हणून एक वाक्य घातले आहे: ‘दादा, डोऱ्याचं लिव.’ डोळ्यांचे लिहितोच. त्याआधी पेपरचे सांगतो, नाहीतर राहून जाईल.

रेडिओ संध्याकाळचा. सकाळपासून तोवर करायचे काय? शाळेची पुस्तके काढली, तर सातवीची परीक्षा हुकली म्हणून ती रडू लागली, आणि रडणे डोळ्यांना वाईट. तेव्हा पेपर वाचून दाखवू लागलो. नागपूरचा पेपर दुसऱ्या दिवशी येतो. वाटणारा तो कोपऱ्यावरून फेकतो, कधी अंगणात पडतो, कधी नालीत. पण रुख्मा, खऱ्या बातम्या आजाऱ्याला देण्याजोग्या नसतात. पंचवार्षिक योजना, धरणाची पाहणी, नव्या पैशांचा गोंधळ, हे ऐकून धडधाकट माणूस झोपतो. म्हणून मी पेपर समोर धरून मनाचे वाचू लागलो.

पहिली बातमी अशी. एका मंत्र्याच्या मोटारीपुढे म्हैस बसली. शेपूट पिळली, पेंड दाखवली, उठेना. तेव्हा मंत्र्यांनी मोटारीतून उतरून तिच्यापुढे भाषण केले. म्हैस उठून गेली. निर्मला इतकी हसली की ओठाची खपली फुटली आणि सुलोचनाने माझ्या हातातला पेपर ओढून घेतला. दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न, ‘मामाजी, मंग म्हशीचं काय झालं?’ काय होणार? म्हशीचा सत्कार झाला. तिसऱ्या दिवशी तिला पुढाऱ्यांनी घेरले. अनुसयाबाई ते ऐकून गल्लीत सांगतात. मुन्नालालने तर चपराशाकडून विचारणा केली, की त्याच्या पेपरात म्हैस कशी नाही? मी कळवले, वेगवेगळ्या आवृत्त्या असतात.

पोरीने मात्र मला पकडले. काल वाचता वाचता म्हणाली, ‘मामाजी, पान पलटवल्याचा आवाज येऊन नाही राहिला. म्हैस काल पयल्या पानावर होती, आज पन पयल्याच पानावर हाय का?’

मी म्हटले, ‘मोठी म्हैस आहे.’

‘हो,’ म्हणाली, ‘मले वाटलंच. वाचा मंग पुढे.’

तेव्हापासून मी मधून मधून पान उलटतो. दोघांनाही ठाऊक आहे की आत काही नाही, पण रीत म्हणून उलटतो. बरीचशी सरकारे अशीच चालतात.

मोह फुलला आहे. मिलच्या मागून वारा आला की वास घरभर होतो. सुलोचनाने परवा थोडी फुले आणून तिच्या उशाला ठेवली. हिंगाच्या फोडणीची भूक त्याने भागत नाही, पण नाकाला काम मिळते. खपल्या पडू लागल्या आहेत. तोंडावर खुणा राहतील. त्याचे तू आणि मी वाईट वाटून घेऊ नये. आपल्या आजीच्या तोंडावर होत्या आणि तिला उभा गाव भीत असे.

डोळ्यांचे. सूज ओसरली आहे, पापण्या उघडतात. उजेड सोसणार नाही म्हणून खिडकी लावलेली असते. अंधारात नीट कळत नाही. कळले की लिहितो.

टिकारामजी, इथे थांबून कुणाच्या तोंडाकडे पाहू नका. पुढे वाचा.

तिकडे ऊन कसे आहे? धाकट्याला दात आले का? गाय व्याली का? तुम्ही पुढच्या खेपेला चार ओळी जास्त लिहा. इथे बाहेरून येणारे काहीही पुन्हा पुन्हा वाचले जाते. परवा हिंगाच्या पुडीचा कागद सुलोचनाने वाचून काढला.

तुझा दादा


फुलचूर
११ मे १९५७

टिकारामजी, हे पत्र छपरीत वाचू नका. लोक जमले असतील तर सांगा, की म्हातारा काही विशेष लिहीत नाही. आत जा, कडी लावा, रुख्माला जवळ बसवा आणि मग वाचा.

रुख्मा,

तुझे वाक्य टिकारामजींनी जसेच्या तसे उतरवले आहे. ‘दादा, तू रेडिओचं लिवतेस, म्हशीचं लिवतेस, डोऱ्याचं काऊन लिवत नाईस? मी म्हशीची माय हाय का?’

नाहीस.

डाव्या डोळ्यात फूल पडले आहे. उजव्यातही पडले आहे, पण त्याच्या कडेला थोडी जागा उरली आहे. तेवढ्यातून तिला उजेड कळतो आणि समोरून कुणी गेले तर सावली हलल्यासारखी कळते. माणूस कळत नाही. आपल्या भाषेची कमाल पाहा, डोळा जातो त्याला ती फूल म्हणते. हे नाव ज्याने ठेवले त्याच्या घरात ते पडले नसावे.

डॉक्टर म्हणाले, नागपूरच्या मोठ्या दवाखान्यात दाखवा. ‘आशा आहे का’ म्हणून विचारले, तर त्यांनी चिठ्ठी लिहायला घेतली. नागपूरला मी नेणारच. पण कोणता अर्ज मंजूर व्हायचा नाही, हे मला लिहितानाच कळत आले आहे.

मागच्या पत्रात लिहिले की खिडकी लावलेली असते. लावलेली नव्हती. ज्या सकाळी ते पत्र लिहिले, त्याच सकाळी डॉक्टरांच्या सांगण्यावरून ती उघडली होती. निर्मलाला मी सांगितले नव्हते. मला वाटले, ती आपणहून म्हणेल, ‘अरे, उजेड झाला.’ मी पेपर धरून बसलो आणि वाट पाहू लागलो. म्हैस चालू होती. ती ऐकत होती. ऊन सरकत सरकत खाटेवर आले, तिच्या हातावर आले.

‘मामाजी,’ ती म्हणाली, ‘हातावर ऊन लागून रायलं.’

मी म्हटले, ‘फटीतून येत असेल.’

‘फटीतून एवढं?’ तिने हात उताणा केला, पालथा केला. अख्ख्या हाताला ऊन होते. मग हात चादरीखाली घेतला आणि म्हणाली, ‘वाचा न. थांबले काऊन?’

मी वाचले. काय वाचले ते आठवत नाही. त्यानंतर मी बसून तुला पत्र लिहिले, आणि त्यात गाईची चौकशी केली.

मातामायची पाठवणी झाली. कडुलिंबाच्या पाण्याने निर्मलाला न्हाऊ घातले, दहीभाताचा नैवेद्य झाला, अनुसयाबाई गावाबाहेरच्या मातामायच्या ठाण्यावर जाऊन थंड पाणी ओतून आल्या. सरकारी माणूसही येऊन मोकळीक देऊन गेला. दुसऱ्या दिवशी मुन्नालालने रेडिओ खिडकीतून काढून गादीजवळ नेला. त्याच्या मनात काही वाईट नाही. पाहुणी गेली की तिचे अंथरूण उचलतात, तसा उचलला. निर्मलाला आवाज लांब गेल्याचे लगेच कळले.

‘रेडिओ आत नेला का जी?’

‘हो.’

‘म्हणजे आता मी निर्मलाच हाय,’ ती म्हणाली.

रुख्मा, मी देवभोळा नाही, हे तुला माहीत आहे. अनुसयाबाईंच्या नियमांवर मी गल्लीला हसवले, तुझ्या छपरीला हसवले. पण त्या दिवशी मला वाटले, मातामायने अजून थोडी राहायला हरकत नव्हती. ती होती तोवर आमच्या तेरा वर्षांच्या पोरीने नुसते ‘हे नाही, ते’ म्हटले की मिलमालक धावत होता. आता ती आंधळी पोर आहे. आंधळ्या पोरीच्या इच्छेला गल्लीत कोण विचारतो?

अनुसयाबाई येतात. येतात आणि सवयीने हात जोडतात, मग जोडलेल्या हातांचे काय करावे ते त्यांना कळत नाही. मातामाय म्हणावे तर तिनेच डोळे नेले. निर्मला म्हणावे तर जीभ वळत नाही. काल खाटेशी बसल्या आणि म्हणाल्या, ‘पोरी, तिनं माये डोरे ठेवले, तुये काऊन नेले, तिलेच माईत.’ निर्मला म्हणाली, ‘तुमच्यावेळी रेडिओ नव्हता न बाई. माया वेळी तिनं रेडिओ आयकला. किंमत लावून घेतली.’ अनुसयाबाई पदर तोंडात धरून बाहेर निघून गेल्या. ती माझी भाची आहे, रुख्मा. हे बोलणे तिला माझ्याकडून लागले आणि मला ते ऐकवेना.

पाठवणी झाल्यावर सुलोचनाने पहिल्यांदा वरणाला फोडणी दिली. किती दिवसांनी घरात चर्र झाले. आतून आवाज आला, ‘मामीजी, जिरं जळालं.’ खरेच जळले होते. सुलोचना कढईपुढे बसून रडत होती, तिच्या लक्षात आले नव्हते. आम्ही ते जळकेच वरण जेवलो. चांगले लागले. हे मला लिहायला नको वाटते, पण चांगले लागले.

हे सगळे आत, कडी लावून वाचायला का सांगितले, ते टिकारामजींना समजेल. छपरीत एकदा निघाले की केशोरीतून अर्जुनीला, अर्जुनीतून साऱ्या नातेवाइकांत जाईल. पोर तेरा वर्षांची आहे. उद्या लग्नासाठी कुठे शब्द टाकायचा झाला तर त्याआधीच लोक म्हणतील, तीच ना, फुलाची. नागपूरचे काय ते कळेपर्यंत, तब्येत नाजूक आहे, एवढेच सांगा. मी तिला घेऊन येईन तेव्हा संध्याकाळची गाडी धरीन. अर्जुनी स्टेशनावर बैलगाडीला छत घालून

इथे थांबावे लागले. पुढचे वेगळ्या हुकमाने लिहितो आहे.

मी लिहिताना पुटपुटतो, हे सुलोचनाने मला अनेकदा ऐकवले आहे. निर्मला खाटेवरून ऐकत होती. म्हणाली, ‘मामाजी, माया बद्दल अर्ज लिहून रायले ना?’

‘पत्र लिहितो आहे. तुझ्या आईला.’

‘तेच. मंग वाचून दाखवा. पार्टीला वाचून दाखवल्याशिवाय तुमी अंगठा घेत नाई. तुमीच सांगता.’

सांगतो खरे. तहसिलीत तो माझा नियम आहे. ज्याचा अर्ज त्याला शब्द न् शब्द वाचून दाखवायचा, तो ‘बरोबर’ म्हणाला की मगच खाली निशाणी घ्यायची. त्यात शिपाई, सावकार, कुणालाही सूट दिलेली नाही. म्हणून वाचून दाखवले. पहिल्या शब्दापासून. फूल, खिडकी, जळके जिरे, सगळे. म्हशीपाशी किंचित हसली. ‘बैलगाडीला छत’ इथे म्हणाली, ‘थांबा.’

‘छत कायले?’

मी म्हटले, ऊन लागू नये म्हणून.

‘संध्याकाळी?’

मी टाक पुन्हा दौतीत बुडवला.

‘मामाजी, मले लपवून किती दिवस लपवाल? डोरे का खिशात ठेवून फिरता येते? मी छपरीत आली का साऱ्याइले दिसनच. मंग एकेक जन येईल, आई एकेकाले सांगन, एकेकासंगं रडन. त्यापेक्षा एकदाच सांगून टाका. बाबाले म्हना, छपरीत वाचा.’

सुलोचना दारात उभी होती. तिच्याकडे पाहिले. ती म्हणाली, ‘तिचा अर्ज आहे. मला काय विचारता?’

तेव्हा टिकारामजी, पत्राच्या माथ्यावरच्या दोन ओळी खोडल्या आहेत असे समजा. तुम्ही एव्हाना आत जाऊन कडी लावली असेल. कडी काढा, बाहेर या. लोक अजून गेले नसतील. पत्र आत गेले की कुणी उठत नाही, हे मला ठाऊक आहे. छपरीत बसून पहिल्यापासून वाचा. पुढचे तिच्या तोंडचे आहे. मी एक शब्दही सुधारला नाही, आणि माझ्यासारख्या माणसाला ते किती जड जाते ते तुम्हाला कळणार नाही.

‘मी निर्मला. साऱ्याइले रामराम. माये डोरे गेले. डावा पूरा गेला, उजव्यानं उजेड समजते. कोनी विचाराच्या आधीच सांगून देल्लं. मी आली का ज्याले पाहाचं हाय त्यानं छपरीत येऊन पाहून घ्या. किती वेळ पाहून रायले ते मले समजनार नाई, लाजू नका. पन अरेरे म्हनू नका. ते आयकू येते.

मांगच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत मी पेपर वाचत होती आन् तुमी आयकत होते. आता वाचाची पाळी तुमची. बाबा चुकते, तरी चालन. खोटी बातमी वाचाची असन त पान पलटवत जा.

आई, तू खांब धरून उभी असशील. खाली बस. मामाजीनं खोटं लिवलं म्हनून त्याइच्यावर रागावू नको. त्याइले खरं लिवाची सवय नाई. नागपूरहून मी दिवसाच्या गाडीनं येईन. छत नको.’

एवढे सांगून झाल्यावर मी सवयीने शाईची गादी उघडून तिच्या अंगठ्यापाशी नेली. तिने बोट लावून पाहिले, ओले लागले, आणि ती जी चिडली!

‘हे काय जी? अंगठा? मी सातवीत हाय मामाजी. टाक द्या.’

टाक दिला. बोट धरून ओळ कुठे सुरू होते ते दाखवले. नंतर बोट सोडायला सांगितले, सोडले.

वरील मजकूर निर्मलास पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून दाखविला. तिला तो मान्य आहे. खाडाखोड दोन ओळींची, तिच्या सांगण्यावरून. खालची सही तिच्या हातची. ती ओळ सोडून तिरपी उतरत कागदाच्या कडेला गेली, आणि शेवटचे अक्षर कागदावर मावले नाही. ते इथे माझ्या लिहायच्या पेटीवर आहे.

गोवर्धन
अर्जनवीस

निर्म